नाव अंड्याचं, काम जायफळाचं

नोव्हेंबर लागला की जर्सी सिटीतल्या दुकानांत दुधाशेजारी एगनॉगचे, म्हणजे दूध, क्रीम, साखर आणि अंड्याच्या गोड पेयाचे, खोके येऊन बसतात आणि नाताळ-नववर्ष उरकलं की गुपचूप गायब होतात. मधल्या काळात माणसं त्यावर एकतर तुटून पडतात, नाहीतर नाक मुरडतात. ‘ठीक आहे, चालेल’ म्हणणारा मला अजून भेटायचाय. नाक मुरडणाऱ्यांची बाजू मी घेते, कारण त्यांनी बहुधा खोक्यातलंच चाखलेलं असतं.

खोक्यावरची यादी जरूर वाचावी. अमेरिकी नियमांनुसार एगनॉग म्हणवून घ्यायला अंड्याच्या बलकाचा घन भाग वजनाच्या १ टक्का असला तरी पुरतो. दुधाचा स्निग्धांश मात्र निदान ६ टक्के लागतो. म्हणजे पाटीवर अंडं आणि पेल्यात त्याची नुसती हजेरी. दाटपणा पुष्कळदा ग्वार गमने आणलेला असतो, म्हणजे गवारीच्या बियांच्या पिठाने. जगात सगळ्यात जास्त गवार आपल्याकडे होते आणि त्यात राजस्थान पुढे. गवारीची भाजी बघून तोंड फिरवणाऱ्या इथल्या मराठी पोरांना मी हे आवर्जून सांगते. भाजी उरते ती उरतेच.

आणि जायफळ? त्याची कायद्यात सक्तीच नाही. इथे माझं आणि अमेरिकी सरकारचं बिनसतं.

घरी करायचं तर चार अंड्यांचे बलक, अर्धी वाटी साखर, तीन वाट्या दूध, एक वाटी क्रीम. बलक आणि साखर फिकट पिवळी होईपर्यंत घोटायची. दूध-क्रीम गरम करून ते बारीक धारेने बलकात ओतायचं, दुसरा हात ढवळत ठेवायचा. उलट केलं, बलक थेट गरम दुधात टाकला, की त्याची भुर्जी होते. मग सगळं मंद आचेवर. ७१ अंश सेल्सिअसला पोहोचलं की साल्मोनेलाची, म्हणजे कच्च्या अंड्यातून पोट बिघडवणाऱ्या जंतूची, भीती संपली. ८०च्या पुढे सरकलं की बलक आकसायला लागतो आणि गाठी धरतात. म्हणजे सगळा खेळ जेमतेम दहा अंशांचा. बासुंदी करणाऱ्या हाताला ढवळणं शिकवावं लागत नाही, पण एक सवय मोडावी लागते. बासुंदीला उकळीवर उकळी हवी, याला एक उकळी म्हणजे मरण. चमच्याच्या पाठीवर थर बसला आणि बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली की उतरवायचं, गाळायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. रात्रभर हं. तासाभरात ओतून प्यायलात तर गोड पातळ कस्टर्ड मिळेल.

एवढं करूनही बलकाचा तो वास उरतो. इथल्या नाकांना तो फारसा जाणवत नाही, आपल्या नाकांना मात्र पहिला तोच. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात अंड्याचं पातेलं वेगळं, त्याची घासणी वेगळी. केक मात्र चालतो, कारण केकमधलं अंडं दिसत नाही. डिसेंबरात ती इकडे आली, तेव्हा पातेल्याशी उभी राहून तिने सगळा प्रकार पाहिला.

“अगं, दिसतं चांगलं, पण वास येतोय.”

“थांब गं आई, अजून जायफळ घालायचंय.”

“मग आधी सांगायचंस ना!”

हे जायफळ तिनेच आणलेलं होतं, आमच्या गावच्या बागेतलं. कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळाची झाडं लावतात. वरची टरफलं, आतली तांबडी जायपत्री निघाली की काळपट कवचातली बी वाळत ठेवतात. कानाशी हलवल्यावर आत खुळखुळली की वाळली म्हणायची. कवचासकट ठेवली तर वास वर्षानुवर्षं टिकतो. फोडून, बारीक किसणीवर किसून पेल्यावर घातलं की अंड्याचा वास कुठे जातो कळत नाही. बाटलीतली तयार पूड हे काम करत नाही. वास देणारी तेलं उडून गेलेली असतात, उरतो तो तपकिरी भुसा.

म्हणून माझं ठाम मत असं की एगनॉग हे जायफळाचंच पेय आहे, बाकी सगळे वऱ्हाडी. पडताळून बघा. अंडं काढा, रम घातली असेल तर तीही काढा, जायफळ ठेवा: कोजागिरीचं दूध उरतं, फार तर चारोळी घालायची राहिली. जायफळ काढा, बाकी सगळं ठेवा: खोक्यातलं एगनॉग उरतं.

आपल्याकडे जायफळाची ओळख तशी जन्मापासूनची. बाळगुटीत सहाणेवर एक-दोन वेढे, सर्दीला कपाळावर लेप, पुढे पुरणात आणि श्रीखंडात चिमूटभर. पुरणपोळीनंतरच्या झोपेचा आळही त्याच्यावरच येतो, तुपाला कोणी काही म्हणत नाही. अठराव्या शतकातले श्रीमंत इंग्रज तर खिशात मावणारी चांदीची किसणी घेऊन फिरायचे, पुढ्यात पंच हे दारूचं मसालेदार पेय आलं की स्वतःच्या हाताने किसून घ्यायला. ही चैन मला समजते.

माझ्या खिडकीतून नदीपलीकडचं मॅनहॅटन दिसतं, आणि जायफळ किसताना ते दिसणं थोडं गमतीचं आहे. एके काळी जायफळ व्हायचं ते फक्त बांदा बेटांवर, आजच्या इंडोनेशियात. त्यातलं रन हे चिमुकलं बेट इंग्रजांना हवं होतं आणि डचांनाही. १६६७च्या ब्रेडाच्या तहात रन डचांकडे राहिलं आणि मॅनहॅटन इंग्रजांकडे. लोक याला अदलाबदल म्हणतात. खरं तर ज्याने जे आधीच बळकावलं होतं ते त्याच्याकडे राहिलं, इतकंच. डचांना त्या वेळी सौदा फायद्याचा वाटला असणार. पण त्यांनी ही बेटं जिंकली ती १६२१मध्ये तिथल्या माणसांची कत्तल करून, उरलेल्यांना गुलाम करून. ते आठवलं की गंमत तिथेच थांबते. पुढे इंग्रजांनी रोपं उचलून आपल्या वसाहतींत नेली. कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाच्या झेंड्यावर आज जायफळ आहे.

त्याच कॅरिबियनची रम अमेरिकी वसाहतींत स्वस्त पडायची, म्हणून इंग्लंडातल्या वाइन-ब्रँडीची जागा इथे रमने घेतली. रमचे पराक्रम ठाऊक आहेतच, पण व्हिस्कीही मागे नाही. आमच्याच हडसन नदीच्या वरच्या अंगाला वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी आहे. १८२६च्या नाताळात तिथे दारूबंदी होती. कॅडेट्सनी चोरून व्हिस्की आणली, एगनॉग केलं आणि पहाटेपर्यंत खिडक्या, फर्निचर, शिस्त सगळं मोडलं. वीसेक जणांवर लष्करी खटले चालले. पुढे दक्षिणेकडच्या फुटीर राज्यांचा अध्यक्ष झालेला जेफरसन डेव्हिसही त्या मेजवानीत होता, पण त्याला वेळीच खोलीवर पिटाळल्यामुळे तो खटल्यातून वाचला.

दारू घालून मुरवण्याचा एक शहाणा प्रकारही आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या रेबेका लान्सफील्ड यांनी स्ट्रेप्टोकोकस जंतूंचं वर्गीकरण केलं, आजही त्या गटांना त्यांचं नाव आहे. ही बाई कच्च्या अंड्यांचं एगनॉग करून नाताळापर्यंत काही आठवडे फ्रिजमध्ये मुरवायची. आयुष्य जंतूंत गेलेलं, तरी बिनधास्त! पुढे तिथल्याच प्रयोगशाळेत तशा एगनॉगमध्ये मुद्दाम साल्मोनेला सोडून पाहिला. तीन आठवड्यांनी जंतू शिल्लक नव्हता, दारूने त्याचा निकाल लावला होता. तरी घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर मी शिजवलेल्याच्या बाजूची. आणि बिनदारूचं असेल तर दोन-तीन दिवसांत संपवून मोकळं व्हावं.

शेजारची प्वेर्तो रिकोची बाई नाताळाला कोकितो पाठवते. त्यात नारळाचं दूध, कंडेन्स्ड मिल्क, रम आणि बहुतेक वेळा अंडं नाहीच. चव घेतल्यावर आईला गोव्याची बेबिंका आठवली. तिच्यातही नारळाचं दूध आणि जायफळ असतं, आणि बलक तर इतके की एगनॉगने लाजावं. (केकमधल्या अंड्याप्रमाणे तेही दिसत नाहीत, म्हणून चालतात.) शेजारीण मात्र दालचिनीवाली. मी जायफळ पुढे केलं, तिने हसून दालचिनीच वर भुरभुरली. दुसऱ्या कोणाशी मी वाद घातला असता. पण नारळ आहे म्हटल्यावर काय बोलणार.