उजेडाचा हिशेब

भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे आमच्या घरात बरेच उपयोग आहेत. दुधाच्या पिशव्या, सिलिंडर कधी लावला ती तारीख, कामाच्या मावशींचे खाडे, संकष्टीचा चंद्रोदय. त्याच पानावर बारीक टायपात सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळाही छापलेल्या असतात, पण तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. चंद्र उशिरा उगवला तर पोटात कावळे ओरडतात, म्हणून त्याला मान. सूर्य काय, उगवतोच. त्याला वेळ कशाला विचारायची, असा एकूण भाव.

मी विचारते. घरातले याला खूळ म्हणतात, म्हणोत बापडे. माझी निम्मी कामं या दोन आकड्यांवर ठरतात, आणि बऱ्याच वर्षांच्या निरीक्षणाने माझं एक पक्कं मत झालंय: सकाळ आणि संध्याकाळ या दोघींचं आपसात अजिबात पटत नाही.

शाळेत शिकवलं होतं, २१-२२ डिसेंबर हा सगळ्यात लहान दिवस. त्यावरून आपण धरून चालतो की त्याच दिवशी सूर्य सगळ्यात उशिरा उगवत असणार आणि सगळ्यात लवकर मावळत असणार. प्रत्यक्षात दोन्ही होत नाही. पुण्यात सगळ्यात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच उरकून जातो, सहाला तीन-चार मिनिटं कमी असताना. डिसेंबर लागला की संध्याकाळ गुपचूप लांबायला लागते. सकाळ मात्र हट्टी. २२ डिसेंबर उलटला तरी ती मागे मागे सरकत राहते आणि जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय सात-दहापर्यंत जातो. उन्हाळ्यात हाच प्रकार उलटा. सगळ्यात लवकरची सकाळ जूनच्या सुरुवातीला, सहाच्याही जरा आधी. सगळ्यात उशिरची संध्याकाळ जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सव्वासातची. तेव्हा आभाळ भरलेलं असतं, त्यामुळे ती कोणाला दिसत नाही ही गोष्ट वेगळी.

टेकडीवर जाणाऱ्या मंडळींना हे माहीत नसतं आणि ते जानेवारीत चिडचिड करतात. "आता दिवस मोठा व्हायला लागला ना? मग अजून उजाडत कसं नाही?" नवीन वर्षाचा संकल्प म्हणून पहाटे चालायला निघालेल्यांची तर फारच पंचाईत. वर्षातल्या सगळ्यात अंधाऱ्या सकाळी नेमक्या त्यांच्या वाट्याला येतात. पंधरवड्यात निम्मे गळतात, आणि दोष स्वतःच्या आळसाला देतात. संकल्प करायचाच असेल तर डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी चालायचा करावा आणि फेब्रुवारीच्या शेवटी तो सकाळवर न्यावा. एवढी साधी सोय आहे.

इथे मला आमची आई आठवते. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, असं ती म्हणायची. मी भूगोल शिकल्यावर तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की उत्तरायण तीन आठवड्यांपूर्वीच सुरू झालं, पंचांगातला मकरप्रवेश मागाहून येतो, आणि हे अंतर शतकानुशतकं वाढतच चाललंय. भूगोल खरा. पण आईचंही खरं होतं. ती उठायची पहाटे, बंब पेटवायची, अंगणात सडा घालायची. तिच्या हिशेबाने दिवस म्हणजे सकाळ, आणि ती सकाळ संक्रांतीपर्यंत खरोखरच अंधारत चाललेली असते. त्यानंतर मग एक-एक मिनिट परत मिळायला लागतं. आपल्या अक्षांशावर पहाटे उठणाऱ्या बाईला विचारलं, तर दिवस वळण्याची तारीख ती संक्रांतीचीच सांगेल.

असं का होतं, याचा उलगडा मला कोल्हापुरात होतो. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव वर्षातून दोनदा असतो, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात, गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. हवेत धूळ किंवा ढग असेल तर वाटेतच दम संपतो, आणि जमलेली सगळी गर्दी एकदम उसासते. या दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावर एकाच जागी मावळत असतो. दक्षिणेकडे जाताना एकदा आणि तिकडून परत येताना एकदा. दार तेच, किरणांची वाट तीच. पण घड्याळ बघावं तर नोव्हेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमाराला आणि फेब्रुवारीच्या तोंडावर साडेसहाच्या. अर्ध्या तासाचा फरक! देवीच्या पायाशी पोचणाऱ्या उन्हात काही बदललेलं नाही, बदललंय ते घड्याळाशी असलेलं त्याचं नातं. पृथ्वीचा आस कललेला, कक्षा लंबवर्तुळाची, त्यामुळे सूर्य माथ्यावर येण्याची वेळ वर्षभर पुढे-मागे होते. पुण्यात ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा-अठराच्या आसपास असते आणि फेब्रुवारीच्या मध्यावर बारा-एकोणपन्नासला. म्हणजे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत अख्खा दिवस घड्याळावरून उशिराकडे घसरत असतो. त्या घसरणीत संध्याकाळचं फावतं आणि सकाळचं नुकसान होतं.

कोल्हापूरचा विषय निघालाच आहे तर एस.टी.चंही सांगून टाकते. पुण्याहून सकाळच्या गाडीने निघालात तर उजव्या हाताच्या खिडकीशी बसा. गाडी दक्षिणेला जाते, ऊन डावीकडून येतं. डावीकडच्या प्रवाशांचे पडदे साताऱ्यापर्यंत ओढलेले असतात आणि पडदा नसेल तिथे वर्तमानपत्र. दुपारी उशिरा निघालात तर नेमकं उलट. घरच्या गाडीने संध्याकाळी मुंबईला जाणाऱ्यांनी तर सूर्यास्ताची वेळ बघितल्याशिवाय निघूच नये. मावळायच्या आधीचा अर्धा-पाऊण तास तो थेट काचेतून डोळ्यांत येतो, वरची झडप पाडूनही उपयोग नसतो. त्या वेळात मी फूड मॉलला थांबते. वडा खायला कारण लागतंच असं नाही, पण असलेलं बरं.

घरातही उजेडाचं असंच आहे. आमची गॅलरी दक्षिणेची. डिसेंबरात ऊन कठड्यावरून आत येऊन बसायच्या खोलीतल्या तिसऱ्या फरशीपर्यंत पसरतं. मी डाळी, तांदूळ, रवा सगळं तिथेच उन्हं दाखवते. मे महिन्याचा मध्य आला की सूर्य दुपारी उत्तरेकडे झुकतो, तो थेट जुलैअखेर दक्षिणेला परततो. त्या काळात भर दुपारी गॅलरीत थेट ऊन म्हणून नाही. बाहेर रस्ता भाजून निघत असतो आणि माझी तुळस सावलीत मान टाकून बसलेली. मग तिला उचलून मागच्या बाजूच्या खिडकीत न्यायची. फ्लॅट बघायला येणाऱ्यांना दलाल "भरपूर सूर्यप्रकाश" म्हणून सांगतो, तेव्हा त्याला कोणत्या महिन्यातला, असं विचारावंसं वाटतं. लक्ष्मी रोडवर साडीवर ब्लाउजपीस घेताना दुकानदार "बाहेर उजेडात नेऊन बघा ताई" म्हणतो, त्याचंही मला फार कौतुक आहे. ते पाचच्या आत करायचं काम आहे. दिवे लागल्यावर घेतलेला मोरपंखी घरी येऊन हिरवा निघतो.

हे सगळं झालं सोयीचं. काहींना मात्र सूर्यास्त ही खरीखुरी मुदत असते. आमच्या शेजारच्या बेन चौविहार पाळतात, सूर्यास्तानंतर अन्नही नाही आणि पाणीही नाही. नोव्हेंबरात त्यांचा कुकर साडेचारलाच शिट्ट्या मारतो, जुलैत सहापर्यंत निवांत असतो. वेळांचं छापील कार्ड त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेलं, त्यात नवकारशीही लिहिलेली, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी तोंडात काही घालायची वेळ. आमच्या टेलरकडे रमझानात तसंच कार्ड लागतं, सहेरी आणि इफ्तारचं. त्या महिन्यात मापं द्यायला संध्याकाळी जायचं असेल तर मी आधी कार्डावरची वेळ विचारून घेते. त्यांचा महिना दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून एकच रोजा कधी थंडीतला आखूड असतो तर कधी मे-जूनमधला लांबलचक. दिवस लहान-मोठा होतो म्हणजे काय, हे या दोन घरांना भूगोलाच्या पुस्तकाशिवाय कळतं.

आणि जुन्नरकडचे आमचे चुलतदीर. त्यांच्या शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. रात्रीची पाळी आली की उसाला पाणी द्यायला बॅटरी घेऊन जायचं. तो सगळा भाग बिबट्यांचा, उसातच त्यांची पिल्लं वाढतात. "वहिनी, लाईट फुकट नको, पण दिवसाची द्या म्हणावं," ते एकदा म्हणाले होते. दिवसा वीज द्या, ही शेतकऱ्यांची मागणी शहरातल्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर येते. आम्ही ती वाचतो आणि पंखा वाढवतो.

छापील वेळ तरी कुठली? आमच्या दिनदर्शिकेवरची मुंबईची असते. पुण्यात सूर्य साधारण चार मिनिटं आधी येतो. ते मी मनातल्या मनात वजा करते. पण छापणाऱ्याने क्षितिज सपाट धरलेलं असतं, आणि सह्याद्री काही सपाट नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याखाली बेलपाडा आहे. तिथे पूर्वेला एवढी भिंत उभी, की उजेड पसरून बराच वेळ झाला तरी सूर्य कड्याआडच. डोंगराच्या पूर्वेच्या गावांत हेच संध्याकाळी. ट्रेकला गेलेली पोरं मोबाइलवर सूर्यास्त बघून उतरायला लागतात आणि पूर्वेच्या उतारावर त्यांना तासभर आधीच सावलीने घेरलेलं असतं. आपल्याकडे संधिप्रकाशही फार टिकत नाही. सूर्य गेल्यावर वीस-बावीस मिनिटांत पायाखालचा दगड दिसेनासा होतो.

त्यात घड्याळ म्हणावं तर तेही आपलं नाही. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळची. १९०६ साली ती सुरू झाली तेव्हा मुंबईकरांनी चांगलाच गोंधळ घातला. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती, आणि "मुंबई टाइम" म्हणून ती १९५५ पर्यंत शहरात टिकून राहिली. लोक जिद्दीचे खरे. पूर्वेकडे याच्या उलट तक्रार. आसामातले चहाचे मळे आजही घड्याळ तासभर पुढे ठेवून चालतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आफ्रिकेशी कसोटी झाली, तेव्हा खेळ सकाळी नऊला सुरू केला आणि आधी चहा, मग जेवण अशी उलटी पंगत मांडली, कारण तिथे संध्याकाळी चेंडू दिसेनासा व्हायला फार वेळ लागत नाही. चहा आधी घेऊनही आपण ती कसोटी ४०८ धावांनी हरलो, पण त्यात सूर्याचा दोष नाही.

इतक्या लांब कशाला, आमची ताई नागपूरला असते. पुण्यापेक्षा तिचा सूर्य सरासरी वीस-एकवीस मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. हिवाळ्यात मी संध्याकाळी फोन केला की तिच्याकडे दिवे लागलेले असतात आणि माझ्याकडे पोरं क्रिकेट खेळत असतात. तिचं ऑफिस होतं तेव्हा ते दहालाच उघडायचं आणि आमचंही दहालाच. "म्हणजे आम्ही उजेडातला वेळ सकाळी घरात घालवायचा आणि अंधारात बस पकडायची. नियम तुमच्या मुंबईवाल्यांचे," हा तिचा जुना वाद. मी सांगते, नियम मिर्झापूरचे आहेत, आणि ते तुझ्याच जास्त जवळ आहे. ते तिला पटत नाही.

"तुमच्याकडे येतो तो सूर्य आमच्याकडून वापरून झालेला असतो," ती म्हणते. मे महिन्यात मात्र तिचा सूर बदलतो. तेव्हा पहाटे साडेपाचलाच ऊन लागतं आणि कूलर रात्रभर चालून थकलेला असतो. "या महिन्यात आधी तुम्हीच घ्या बाई," असं फोनवर सांगते, "आम्हाला उरलासुरला पाठवलात तरी चालेल."