तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या चुका काढते, तर वाचते कशाला?

प्रश्न दरवेळी वेगळ्या तोंडून येतो, पण असतो तोच. "लोकरीच्या दुकानातल्या खुनांची ही पुस्तकं तुला एवढी खटकतात, तर मग वाचतेस कशाला?" कोणी हसत विचारतं, कोणी खरंच वैतागून, आणि एकीने तर "तुला वाचायला नाही, स्टार कापायला आवडतं" असंही ऐकवलं. आजवर मान डोलावून सोडून दिलं. आता एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच पाठवून देईन.

पहिलं म्हणजे कोझीच्या, म्हणजे रक्तपात न दाखवणाऱ्या या हलक्याफुलक्या रहस्यकथांच्या, कोझीपणाबद्दल माझी काही तक्रार नाही. रक्त पडद्याआड, पोलीस देखणा आणि बिनकामाचा, एवढ्याशा गावात दर पुस्तकात एक मुडदा, सगळं मान्य. लोकांच्या तक्रारी बघा, त्या भलत्याच असतात. खुनी अर्ध्यातच कळला, नायिका फार भोचक आहे, प्रेमप्रकरण पुढच्या भागात ढकललं, मांजर कमी आहे. (मांजरासाठी वाढीव स्टार देणारे लोक आहेत, मी थट्टा करत नाहीये.) शेवटी दिलेल्या नमुन्यात टाक्यांची बेरीज जुळत नाही ही तक्रार मात्र मला रास्त वाटते, कारण ते पान बघून कोणीतरी खरंच विणायला बसणार असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की पुराव्यातलं विणकाम खरं पाहिजे. गोष्टीत सजावट म्हणून लोकर असेल तर चालू द्या काहीही, पण ज्या टाक्यावरून तुम्ही एखाद्याला खुनी ठरवताय तो टाका तरी खोटा नको. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या पाद्र्याने गुप्तहेरकथांचे दहा नियम लिहिले, त्यात एक असा की हेराला सापडलेला धागादोरा वाचकालाही लगेच दाखवला पाहिजे. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये डिटेक्शन क्लब निघाला, तिथे तर लेखकांना शपथ घ्यायला लावायचे की दैवी साक्षात्कार, योगायोग असल्या गोष्टींवर रहस्य सोडवणार नाही. मग कव्हरवर सुया आणि लोकरीचे गुंडे छापून मला बोलावलंत, तर विणणाऱ्या वाचकाला तिच्या माहितीचा फायदा मिळायला नको? इथे उलटं होतं, जिला काहीच येत नाही ती बरोबर ओळखते आणि जिला येतं तीच फसते.

आणि खरे पुरावे काही कमी नाहीत हो. एकाच रंगाच्या दोन गुंड्यांचे डाय लॉट, म्हणजे रंगवण्याच्या खेपा, वेगळे असले तर उन्हात नेल्यावर फरक दिसतो, म्हणजे स्वेटरची एक बाही नंतर आणलेल्या लोकरीची आहे हे कळू शकतं. लोकर जाळली तर जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते, ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो, तेव्हा "आजीची शुद्ध लोकरीची शाल" म्हणणाऱ्याचं खोटं एका काडीत पकडता येतं. गरम पाण्यात घुसळली की साधी लोकर आटून तिचा नमदा होतो, सुपरवॉश केलेली, म्हणजे धुताना आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली, सहसा होत नाही. आणि प्रत्येकीचा हात वेगळा, कोणाचा घट्ट कोणाचा सैल, अर्धवट स्वेटर दुसऱ्या कोणी पुरा केला तर दहा सेंटीमीटरमधले टाके मोजा, कळतं. यातलं काही न घेता लेखक एका पदरी सैल पिळाच्या लोकरीने धडधाकट माणसाचा गळा आवळतात. ती लोकर हाताने ओढली तरी तुटते.

आता तो प्रसंग, ज्याबद्दल अर्ध्या लोकांनी अर्धंच ऐकलंय.

आमच्या वाचनाच्या ग्रुपमध्ये एक काकू आहेत, वयाने सगळ्यात मोठ्या. त्यांनी पहिल्यांदाच पुस्तक सुचवलं, अर्थात विणकामाचं कोझी. त्यात मेलेल्या बाईच्या गळ्यात एक मफलर सापडतो, सगळ्या ओळी सुलट, आणि दुकानदारीण तो नुसता बघून सांगते की हा डावखुऱ्या माणसाने विणलाय. त्या एका वाक्यावर अख्खा शेवट उभा. आता सगळ्या सुलट ओळींच्या साध्या मफलरवरून विणणाऱ्याचा हात कळत नाही. शिवाय विणताना दोन्ही हात लागतातच, त्यामुळे कितीतरी डावखुऱ्या बायका चारचौघींसारख्याच विणतात. मी नुसतं म्हणून थांबले असते तर बरं झालं असतं असं तुम्ही म्हणाल. मी थांबले नाही. एक तुकडा मी विणला, एक माझ्या डावखुऱ्या मैत्रिणीकडून विणून घेतला, ती खरोखर आरशातल्यासारखं उलट्या बाजूने विणते, आणि दोन्ही टेबलावर ठेवून म्हटलं, सांगा यातला डावखुरा कुठला. तुकडे हातोहात फिरले. कोणी ओढून बघितलं, कोणी दिव्यापाशी नेलं. कोणालाच सांगता आलं नाही, सगळे हसले, मी पण हसले, जिंकल्यासारखंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

काकूंनी तुकडे हातातच घेतले नाहीत. म्हणाल्या, "पोलीस त्या बाईला खुनाच्या जागी फिरू देतात, वस्तू हाताळू देतात, ते तुला चाललं?" मी म्हटलं, काकू, ते सगळ्याच पुस्तकांत असतं. "मग बंदुकीच्या गोष्टीत गोळी त्याच बंदुकीतून सुटेल का, हे तू तपासतेस का गं?" मी गप्प. मला बंदुकीतलं काही कळत नाही. मग त्या म्हणाल्या, "चौकशीची पानं मी गाळतेच. मी दुकानासाठी वाचते. सकाळी दार उघडतात, रंगाप्रमाणे गुंडे लावतात, बायका येऊन बसतात. माझ्या हातात आता सुई ठरत नाही, तुला माहितीये." आणि पुस्तक पिशवीत टाकलं. त्यानंतर त्या ग्रुपमध्ये येतात, बोलतात, माझ्याशीही नीट बोलतात, पण पुस्तक सुचवत नाहीत.

यावर मला बरेच जण सांगून गेले की माफी माग. कशाची? मफलरचं मी बोलले ते खरं होतं आणि आजही आहे. पण बंदुकीच्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे, म्हणजे अर्धं आहे: बंदुकीची गोष्ट बंदूकवाल्यांसाठी लिहिलेली नसते, ही मात्र विणणाऱ्यांना समोर ठेवून लिहिलेली असते. हे काकूंना ऐकवलं तर त्या म्हणतील की मीही विणणारीच आहे, मला तर आवडलं. मग पुढे?

गंमत म्हणजे पूर्वी मी बरोबर उलटं म्हणायचे. म्हणायचे की विणकाम हे नुसतं सोंग असावं, अगाथा ख्रिस्तीच्या गुन्हे सोडवणाऱ्या म्हातारीसारखं, मिस मार्पलसारखं. ती १९२७ साली एका लघुकथेत पहिल्यांदा आली तीच कोपऱ्यात विणत बसलेली, आणि विणणाऱ्या म्हातारीकडे कोण लक्ष देतंय म्हणून सगळे तिच्यासमोर बिनधास्त बोलतात. ती खुनी पकडते ते गावातल्या माणसांचे स्वभाव ओळखून. तेव्हा मी कोणालाही सांगितलं असतं की टाके मोजत बसू नका, माणसं बघा. तेव्हाच्या मला आजची मी बघून हसू आलं असतं. पण तिला तेव्हा धड विणताच येत नव्हतं, त्यामुळे तिचं मत किती धरायचं तेही कळत नाही.

त्या पुस्तकाला मी दोन स्टार दिले होते. नंतर तीन केले, मग वाटलं हे काकूंसाठी करतेय, पुस्तकासाठी नाही, म्हणून परत दोन. सध्या दोनच आहेत.

आणि वाचते कशाला, तर हे बघा. सध्या क्रोशाच्या दुकानातली एक मालिका सुरू केलीये. पहिल्याच प्रकरणात एक बाई शाल हातात घेऊन म्हणते, "छे, हा तर मशीनवरचा क्रोशा." आता बाजारातला खरा क्रोशा हातानेच केलेला असतो, मशीनवर निघतं ते फक्त तसं दिसणारं विणकाम. म्हणजे एकतर लेखिकेला माहीत नाही, नाहीतर त्या बाईला क्रोशा येतच नाही आणि ती कोणीतरी भलतीच बनून त्या दुकानात शिरलीये. दुसरं असेल तर एवढा सुंदर धागादोरा मी कित्येक दिवसांत वाचलेला नाही. अजून निम्मं पुस्तक बाकी आहे आणि ती बाई आत्ताच कोणाला तरी साखळी टाका शिकवायला बसलीये.