भिंतीवरची रेघ

गुरुवार, ८ ऑगस्ट २०१९ रोजी सकाळी साडेसात वाजता मी, वर्तमानपत्राचा छायाचित्रकार, सांगलीत कृष्णेच्या पुराच्या पाण्याच्या कडेला होडीची वाट पाहत उभा होतो, तेव्हा माझ्याजवळ दोन कॅमेरे, एक पूर्ण भरलेली आणि दोन अर्धवट उतरलेल्या बॅटऱ्या आणि खताच्या पोत्याच्या आतली एक जाड प्लॅस्टिकची पिशवी एवढेच सामान होते. कॅमेऱ्यासाठी विकत घेतलेले महागडे पावसाळी आवरण पहिल्याच दिवशी फाटले होते. पोत्यातली ही पिशवी मात्र शेवटपर्यंत टिकली. शहराच्या मोठ्या भागात वीज नव्हती. बॅटऱ्या आदल्या रात्री एका ओळखीच्या दवाखान्यातील इन्व्हर्टरवर लावल्या होत्या आणि तो मध्यरात्रीनंतर कधीतरी दमला होता.

त्या आठवड्याची सुरुवात नेहमीसारखी झाली होती. सोमवारी नागपंचमी होती आणि बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीचे फोटो काढण्याचे काम दरवर्षी माझ्याकडेच असते. पाऊस कोसळत होता, कोयना आणि वारणेतून विसर्ग वाढत असल्याचे निरोप येत होते आणि आयर्विन पुलाजवळचे पाणी धोका पातळीच्या, म्हणजे ४५ फुटांच्या आसपास होते. त्याच दिवशी दिल्लीत काश्मीरविषयीचा निर्णय जाहीर झाला आणि पहिल्या पानावर आमच्या नदीला जागा उरली नाही. मी फारशी तक्रार केली नाही, कारण मलाही वाटत होते की हे पाणी मारुती चौकात येईल, दोन दिवस थांबेल आणि उतरेल. सांगलीकराला पाण्याची सवय असते. २००५ साली नदी जवळपास ५४ फुटांपर्यंत गेली होती आणि त्याहून अधिक काही होऊ शकते, हे आमच्यापैकी कोणाच्या मनातच नव्हते. गावभागातल्या कित्येक भिंतींवर, जिन्यांच्या कठड्यांवर २००५ ची रेघ लोकांनी स्वतः रंगवून ठेवली होती. मंगळवारी आणि बुधवारी लोकांनी सामान हलवले ते त्या रेघेच्या हिशेबाने. टीव्ही, धान्याचे डबे, कागदपत्रांच्या पेट्या रेघेच्या हातभर वर चढवल्या आणि मगच ते घराबाहेर पडले.

त्या रेघेशी माझा एक जुना संबंध आहे, तो इथे सांगितला पाहिजे. २००५ मध्ये मी या कामात नवा होतो. मारुती चौकाजवळच्या एका बोळातील वह्या-पुस्तकांच्या दुकानाचा मी काढलेला फोटो तेव्हा छापून आला होता. अर्धे उघडलेले शटर, आत फळीवर उभा असलेला मालक आणि त्याच्या कमरेच्या किंचित वर पोहोचलेले पाणी, असा तो फोटो. त्याखाली ‘पुराची सर्वोच्च पातळी’ अशा अर्थाची ओळ होती. पुढे दरवर्षी पावसाळ्यात, पुराची आठवण काढायची झाली की कार्यालयातून तोच फोटो मागवला जाई. मी मात्र तो पाणी उतरू लागल्यावर काढला होता. आदल्या संध्याकाळी मला त्या बोळात शिरता आले नव्हते. सकाळी पोहोचलो तेव्हा भिंतीवर ओला पट्टा स्पष्ट दिसत होता आणि पाणी त्याच्या वीतभर खाली गेले होते. फोटोत, कागदावर, छपाईच्या शाईत तो ओला पट्टा काही उमटला नाही. ओळ लिहिणाऱ्याला मी ते सांगितले नाही. वीतभर पाण्याने काय फरक पडतो, असे मला वाटले होते.

आठच्या सुमारास होडी आली. चालवणारे दोघे रोज नदीवर मासेमारी करणारे होते आणि त्यांचे पहिले सांगणे असे की, उभे राहायचे नाही आणि वरची तार बघत राहायचे. रस्त्यावरून चालताना ज्या तारा कधी नजरेस पडत नाहीत, त्या आता डोक्याला लागतील अशा उंचीवर आल्या होत्या. खाली बुडालेल्या मोटारी, कुंपणांचे भाले, फाटके होती. रबरी बोटींना त्यांचा धोका अधिक होता, म्हणून बोळांमध्ये लाकडी होड्याच चालत होत्या. नदीकाठच्या गावांत तर लोकांनी गुऱ्हाळातल्या काहिली पाण्यात लोटून त्यांत म्हातारी माणसे आणि लेकरे बसवली होती. पाण्यावर डिझेलचा तवंग होता, एका खिडकीच्या गजांना विरोळा, म्हणजे पाणसाप, गुंडाळून बसला होता, आणि एका गच्चीवरून तीन कुत्री आमच्याकडे पाहून भुंकत होती; ती भुंकायची थांबली की इतकी शांतता होई की वल्ह्याचा आवाज भिंतीवरून परत ऐकू येई.

पुराचे फोटो काढणे वाटते तितके सोपे नाही. नुसत्या पाण्याचा फोटो काढला तर तो तळ्याचाही वाटू शकतो. पाणी किती आहे हे कळण्यासाठी रोजच्या ओळखीची एखादी वस्तू चौकटीत लागते. वाहतूक दिव्याचा खांब, एसटीच्या थांब्याचे छप्पर, औषधाच्या दुकानाची पाटी अशा वस्तू मी शोधत होतो. होडी सतत डोलत असल्यामुळे फोटो हलू नये म्हणून शटरचा वेग चढा ठेवावा लागे आणि ढगाळ उजेडात त्याची किंमत दाणेदार चित्राने मोजावी लागे. दमट हवेने भिंगावर बाष्प धरे, ते पुसायला अंगावर कोरडा असा एकही कपडा नव्हता. शेवटी होडीवाल्याने टोपीच्या आतला रुमाल काढून दिला.

परत काठावर आलो की वेगळेच काम सुरू होई. त्या दिवसांत आमचा अंक शहरात पोहोचतच नव्हता. कोल्हापूरजवळ महामार्ग पाण्याखाली होता, गाड्या अडकल्या होत्या, वाटणारी मुले स्वतःच विस्थापित होती. फोटो पाठवण्यासाठी मी मोटारसायकलवरून मिरजेच्या बाजूला जाऊन जिथे रेंज मिळेल तिथे थांबत असे. पण काठावर उभ्या असलेल्या लोकांना छापलेल्या फोटोची गरजच नव्हती. त्यांना माझ्या कॅमेऱ्याच्या मागचा तीन इंची पडदा हवा होता. “आमची गल्ली आली का यात?”, “ती निळी टाकी मोठी करून दाखवा की.” माणसे स्वतःचे घर ओळखत आणि मग पायऱ्या मोजत. एका बाईंनी फोटोत आपल्या माडीची खिडकी उघडी असल्याचे पाहिले आणि ती आपण लावली होती की नाही, यावर त्यांचा नवऱ्याशी तिथेच वाद झाला. माझी जी बॅटरी फोटो काढण्यासाठी जपायची होती, तिची निम्मी त्या पडद्यावर संपली. संपादकांना मी ते सांगितले नाही.

दुसऱ्या फेरीच्या आधी गर्दीतून ते दुकानदार काका पुढे आले. चौदा वर्षांत आमची ओळख पुष्कळ वाढली होती. माझ्या मुलीच्या वह्या मी त्यांच्याकडूनच घेत असे. दुकानाकडे जाणार असाल तर बघून या, एवढेच ते म्हणाले. जूनमध्ये शाळा सुरू होताना भरलेला बराच माल शिल्लक होता आणि तो त्यांनी वरच्या फळ्यांवर रचला होता. “तुमच्याच फोटोवरून फळी धरली,” ते म्हणाले. “तो आत लावलाय ना भिंतीला. त्याच्यापेक्षा दीड हात वर ठेवलंय सगळं.”

बोळात शिरलो तेव्हा शटर कुठेच दिसत नव्हते. दुकानाच्या पाटीची वरची निम्मी अक्षरे तेवढी पाण्याबाहेर होती आणि त्यांच्या आधारानेच मी जागा ओळखली. मी तीन फोटो काढले. होडी वळवण्यापूर्वी पाटीजवळ काही तरंगत असल्यासारखे वाटले, ती वहीच होती की आणखी काही, हे मी निरखून पाहिले नाही. परत येईपर्यंत काठावर ब्रह्मनाळची बातमी पोहोचली होती. पलूस तालुक्यातल्या त्या गावात माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली होती. किती गेले हे तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हते. पुढे तो आकडा १७ वर गेला. होडीवाल्यांनी वल्ही आत घेतली आणि बराच वेळ कोणी कोणाशी बोलले नाही. काठावर बोटीची वाट पाहणाऱ्या एका कुटुंबाने, तुम्ही वरच राहा, असा निरोप आतल्या नातेवाइकांना फोनवरून दिला.

काकांनी फोटो पाहिला, दोन बोटांनी मोठा करण्याचा प्रयत्न केला; कॅमेऱ्याचा पडदा मोबाइलसारखा मोठा होत नाही, म्हणून मी बटण दाबून दिले. पाटीवरचे अर्धे अक्षर पाहून ते म्हणाले, “म्हणजे फळ्या गेल्या.” मग माझीच समजूत काढल्यासारखे, “तुम्ही तरी काय करणार.” त्यांना वीतभर पाण्याची गोष्ट माहीत नव्हती. मी ती तेव्हाही सांगितली नाही.

नदी पुढे ५७ फुटांच्याही वर गेली, म्हणजे २००५ पेक्षा साडेतीन फूट अधिक. त्या वीतभर फरकाची भर घातली असती तरीही काकांचा माल भिजलाच असता, हा हिशेब मी नंतर अनेकदा केला आहे आणि तो दर वेळी बरोबरच येतो.

पाणी उतरल्यावर त्यांच्या दुकानात गेलो. गुडघाभर गाळ, फुगून भिंतीला चिकटलेल्या वह्या आणि असा वास की तोंडावर दोन रुमाल बांधावे लागले. जुना फोटो काचेसकट खाली पडला होता आणि चिखलाने त्यातला माणूस पुसला गेला होता. पंचनाम्यासाठी त्यांना आजचे फोटो हवे होते, ते मी काढून दिले. आणि ‘भिंतीला लावायला एक मोठा’ असेही त्यांनी सांगितले. या वेळी भिंतीवरचा पट्टा नीट दिसेल असा उजेड मिळेपर्यंत मी थांबलो आणि तेव्हाच त्यांना २००५ ची ती सकाळ सांगितली. ते गाळ उपसत ऐकत होते. “वीतभर?” एवढेच त्यांनी विचारले आणि फावडे पुन्हा हातात घेतले.

मोठ्या छापील प्रतीच्या मागे मी पेनाने तारीख आणि वेळ लिहिली, आणि त्याखाली लिहिले : पाणी उतरल्यानंतर घेतलेला फोटो, पाणी वरच्या पट्ट्यापर्यंत होते. काकांनी ते वाचले आणि फोटो भिंतीला लावला तो मागची बाजू पुढे करून.