सांगलीहून लंकावी : भावाच्या शिडाच्या होडीवर

होडीवर राहणाऱ्या माणसाकडे पाहुणं म्हणून जायचं असेल तर तारीख तरी तुम्ही ठरवावी, नाहीतर ठिकाण तरी. दोन्ही मागू नये. भावाने तिकिटं काढायच्या आधीच बजावलं होतं, "ताई, तारीख तुझी, तर जागा वाऱ्याची." आम्ही डिसेंबर म्हटलं, त्याने मलेशियातलं लंकावी बेट सांगितलं. नोव्हेंबर ते एप्रिल तिकडे ईशान्येचा कोरडा वारा असतो. नंतर नैऋत्येचा सुरू झाला की रात्री-पहाटे अचानक वादळी सरी येतात. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जायचा विचार असेल तर तो सोडा.

भावाचं कुपवाड एमआयडीसीत पंपदुरुस्तीचं वर्कशॉप होतं. ते भागीदाराला दिलं, विश्रामबागचा फ्लॅट भाड्याने लावला, गाडी विकली आणि वहिनी-मुलांना घेऊन गडी एका ३८ फुटी जुन्या होडीवर राहायला गेला. आईचं त्यावरचं वाक्य आमच्या सगळ्या नातेवाइकांत फिरलं. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली होती आणि आईला गावभागातून बोटीत घालून बाहेर काढावं लागलं होतं. "आम्ही होडीतून उतरायला मिळावं म्हणून गणपतीला हात जोडले, आणि हा होडीत राहायला निघालाय!" दर ऑगस्टला 'पुलाखाली किती फूट झालं?' विचारत मोठी झालेली माणसं आम्ही. पाण्यावर हौसेने राहायचं हे पचायला वेळ लागलाच.

सांगलीहून रात्रीची महालक्ष्मी धरून मुंबई, तिथून क्वालालंपूर विमानाने साधारण पाच तास, पुढे लंकावी तासाभराचं. घड्याळ अडीच तास पुढे करायचं. सध्या भारतीयांना मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, मात्र पोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचं डिजिटल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. अशा सवलतींना मुदत असते, म्हणून निघण्यापूर्वी नियम पुन्हा बघून घ्या.

चाकांची कडक बॅग नेऊ नका. होडीवर ती ठेवायला जागाच नसते. घडी करून फळीखाली कोंबता येईल अशी कापडी पिशवी न्या. आणि पुठ्ठा तर अजिबात नको. आम्ही भडंग, शेंगदाण्याची चटणी, हळद, मेतकूट असं सगळं खोक्यात नीट बांधून नेलं होतं. वहिनीने खोका धक्क्यावरच फाडला, पाकिटं एकेक झटकून टोपलीत टाकली आणि पुठ्ठा कचऱ्यात. पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असू शकतात, आणि होडीत एकदा झुरळं झाली की निघता निघत नाहीत. दुकानातला किराणासुद्धा ती अशीच धक्क्यावर सोडवते.

धक्क्यावरून होडीवर न्यायला डिंगी, म्हणजे मोठ्या होडीसोबतची छोटी होडी. ती म्हणजे त्यांची अ‍ॅक्टिव्हा. भाजी, पाण्याचे कॅन, गॅस सिलिंडर, मुलं, सगळं तिच्यावरून. चढता-उतरताना हातात सामान धरायचं नाही, आधी माणूस, मग पिशवी. होडीवर फिरताना एक हात कायम कशाला तरी धरलेला हवा. मुलांनी नियम मोडला तर त्यांना भांडी घासायची शिक्षा आहे. माझ्या यजमानांनाही ती एकदा मिळाली.

मला सगळ्यात जास्त काय बघायला आवडलं असेल तर नांगर टाकणं. भाची इयत्ता पाचवीच्या वयाची, पण हिशेब तोंडावर. खोली ६ मीटर, भरतीला आणखी ३ चढणार, होडीचं पुढचं टोक पाण्याच्या वर १, झाले १०. त्याच्या पाचपट, म्हणजे ५० मीटर साखळी सोडायची. साखळीवर दर दहा मीटरला वेगळा रंग मारलेला आहे, ती रंग ओरडून सांगते. मग भाऊ इंजिन हळूहळू मागे घेतो आणि भाची ताणलेल्या साखळीवर हात ठेवते. साखळी थरथरली तर नांगर तळावरून घसटतोय, स्थिर राहिली तर रुतला. एका संध्याकाळी थरथरली. सगळी साखळी वर, पुन्हा पहिल्यापासून. जेवण ताटात वाढून झालेलं होतं, पण कोणी कुरकुर केली नाही. रात्रीसाठी फोनवर गजर लावलेला असतो. होडी जागेवरून सरकली की वाजतो.

प्रत्यक्ष शिडावर जाणं आठवड्यातून एखाद्या दिवशीच झालं. दक्षिणेला दायांग बुंटिंग बेटापर्यंत गेलो. तिथे डोंगरात गोड्या पाण्याचं तळं आहे, धक्क्यापासून चालत जाता येतं. माकडं मात्र पिशवी हिसकावतात. इंजिन बंद झालं आणि होडी एका अंगावर कलली तसे आमचे हे गप्प झाले. मळमळीची गोळी आदल्या रात्रीच घ्यायची असते, उलटी आल्यावर उपयोग नाही. खाली केबिनमध्ये जाऊ नका, वर बसून क्षितिजाकडे बघत राहा.

बाकीचे दिवस दुरुस्तीचे. तळाला चिकटलेले शिंपले खरवडणं, गंजलेला बोल्ट, गळका पंप. भावाचं वर्कशॉप सुटलंय असं कोणी म्हणू नये. ज्यांना स्वतःच्या हाताने पंप खोलता येत नाही त्यांनी या वाटेला जाण्याआधी ते शिकावं, शीड ओढायला नंतर शिका. होडीच्या किमतीच्या साधारण दहा टक्के दर वर्षी देखभालीला धरा, असा तिथल्या जुन्या लोकांचा ठोकताळा आहे. लंकावीत परदेशी होड्यांची गर्दी असते ती उगाच नाही. बेट करमुक्त आहे, होडी पाण्याबाहेर काढून दुरुस्त करायची सोय आहे, आणि विषुववृत्ताच्या इतकं जवळ असल्यामुळे चक्रीवादळं सहसा तिकडे फिरकत नाहीत.

घरकामाचं सांगते. पाण्याची टाकी ३०० लिटरची. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात, मग गोड्या पाण्याचा एक हात. संडास हातपंपाचा, आणि जे आधी पोटात गेलं नाही ते त्यात टाकायचं नाही, कागदसुद्धा नाही. गॅसची शेगडी झुलती असते, त्यामुळे होडी हलली तरी पातेलं सरळ राहतं. पण प्रत्येक स्वयंपाकानंतर सिलिंडरची तोटी बंद करायलाच हवी. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर होडीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीत सगळं संपतं. वहिनी तोटी फिरवून मोठ्याने "बंद!" म्हणते. मी सांगलीला येऊनही आठवडाभर म्हणत होते. प्रेशर कुकर असेल तर गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. भाकरी मात्र नांगर टाकल्यावरच.

मुलांच्या शाळेबद्दल सगळे विचारतात. सध्या वहिनीच शिकवते, सकाळी नऊ ते बारा. भाचा चौदा वर्षांचा झाला की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीला बसवायचं ठरलंय. मराठी बोलतात छान, लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची बोंब आहे. दुसरं म्हणजे मैत्री. ओळख झाली की ती होडी पुढच्या बंदराला निघते. भाची त्यावर दोनदा रडली, आणि वहिनीने ते माझ्यापासून लपवलं नाही. दोन वर्षांनी मुलांना विचारून पुढचं ठरवायचं, असं दोघांचं बोलणं झालंय. मला हे पटलं.

विमानाने जाऊन होडीने दुसऱ्या देशात निघायचा बेत असेल तर एक लक्षात ठेवा. होडी देश सोडताना बंदराची परवानगी घ्यावी लागते, आणि होडीवरच्या माणसांच्या यादीत तुमचं नाव आणि पासपोर्ट नंबर असावा लागतो. शिवाय परतीचं तिकीट नसेल तर विमान कंपनी मुंबईतच अडवू शकते. होडीमालकाकडून सही केलेलं पत्र आणि होडीच्या नोंदणीची प्रत आधीच मागवून जवळ ठेवा. आगमनाच्या कार्डावर पत्ता म्हणून मरीनाचं, म्हणजे होड्या लावायच्या छोट्या बंदराचं, आणि होडीचं नाव लिहावं. आम्ही तेच लिहिलं, चाललं.