तुम्ही विचारलंत म्हणून: टाकीच्या पाण्यावर लाईट होईल का?

सोलापुरात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळं आठवड्यातनं एकजण तरी मोबाईलवर व्हिडिओ घेऊन येतोच, त्यात पाईपाखाली छोटं टर्बाइन धरलेलं आणि बल्ब लागलेला. मग ठरलेला प्रश्न, "गच्चीवरच्या टाकीचं पाणी तसंही खाली येतंच की ओ, त्यावर घरची लाईट होईल का?"

नाही होणार. १००० लिटरची टाकी समजा १० मीटर उंचीवर आहे, ते सगळं पाणी खाली आलं तरी त्यात ताकद सुमारे २७ वॅट-अवर. त्यातलं निम्मं जरी हाताला लागलं तरी ९ वॅटचा एलईडी दीड तास, बस. आणि तेच पाणी वर चढवायला मोटारीनं त्याच्या कितीतरी पट लाईट खाल्लेली असते (शिवाय आपल्याकडं नळाला रोज पाणी येतंय कुठं, ते वेगळंच).

ओढा असेल तर मात्र बोलू. सेकंदाला किती लिटर, गुणिले किती मीटर खाली पडतं, गुणिले पाच, झाले अंदाजे वॅट. मागच्या पावसाळ्यात बार्शीकडं एका शेतकऱ्यानं बोलावलं म्हणून गेलो, गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी घेऊन उतार मोजला तर ३ मीटर, आणि सगळी धार एका पाईपातनं २० लिटरच्या बादलीत सोडली तर बादली भरायला ८ सेकंद. म्हणजे सेकंदाला अडीच लिटर. म्हणजे सदतीस वॅट, तेही कागदावर. त्याचं तोंडच उतरलं. मी म्हणलं अहो हे दिवसरात्र चालतंय, दोन-तीन बल्ब आणि मोबाईल आरामात, पण दिवाळीनंतर या ओढ्यात गोट्यांशिवाय काय असतंय ते तुम्हीच सांगा.

खरी मजा घाटाकडं. पाटणच्या बाजूला डोंगरातला झरा ३० मीटर खाली आणला आणि सेकंदाला ३ लिटर जरी मिळालं तरी ४५० वॅट, दिवसाला दहा युनिटच्या वर, सोलापुरातल्या एका घराला कूलरसकट पुरेल. तिथं पेल्टनचं चाक चालतं, म्हणजे कडेनं वाट्या लावलेलं, पाण्याच्या धारेनं फिरणारं चाक. फक्त बारीक पाईप टाकू नका, अर्धा दाब पाईपातच मरतो, तोंडाला जाळी लावा नाहीतर पाला अडकून रोज डोंगर चढा, आणि घरात लोड कमी झाला की जादाची वीज हीटरवर वळवायची सोय ठेवा, नाहीतर चाक सुसाट पळतं, व्होल्टेज चढतं आणि मग बल्ब, चार्जर सगळंच जातं.

आपल्याकडं उजनी धरणावर १२ मेगावॅटचं वीजघर आहेच की, असं कुणीतरी म्हणतंच. आहे, पण उजनी भरते ती पुण्याकडच्या पावसावर, आपल्या नाही.

बार्शीवाल्यानं शेवटी सोलरचे दोन पॅनल बसवले. पण जोराचा पाऊस झाला की अजून फोन येतो, "आज बादली पाच सेकंदात भरली बघा." म्हणजे साठ वॅट.