८६ नंबरचा पिक आणि आमच्या बेसमेंटमधला वाद

२८ जून २०२५, शनिवार. दुपारी बाराला एनएचएलच्या, म्हणजे इथल्या आइस हॉकीच्या सगळ्यात मोठ्या लीगच्या, ड्राफ्टचा दुसरा दिवस सुरू होणार होता आणि टोरोंटोशेजारच्या आमच्या मिसिसागाच्या बेसमेंटमध्ये अकरापासूनच माणसं जमली होती. ब्रॅम्प्टनहून मावसभाऊ आला होता, ज्याला मी लहानपणापासून दादाच म्हणतो, मागच्या रस्त्यावरचे काका होते जे १९८४ साली नागपूरहून इथे आले आणि तेव्हापासून टोरोंटो मेपल लीफ्सची एकही मॅच शक्यतो सोडत नाहीत, आणि माझी तेरा वर्षांची लेक होती जी स्वतः मुलींच्या लीगमध्ये गोली, म्हणजे गोलकीपर, आहे. मिसळ केली होती, तर्री वेगळी ठेवली होती कारण काकांना आता तिखट चालत नाही.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगते, कारण मागच्या वेळी हॉकीवर लिहिलं तेव्हा दोघातिघांनी विचारलं होतं की हे नक्की काय असतं. ही आइस हॉकी, बर्फावरची. आणि ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचं ऑक्शन नाही, इथे बोली नसते, पैसा नसतो, फक्त नंबर असतो. ३२ टीम, ७ राउंड, सगळे मिळून २२४ पिक, म्हणजे निवडीच्या पाळ्या, आणि निवडायची ती सतरा-अठरा वर्षांची पोरं जी अजून कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड, रशियात ज्युनिअर खेळतायत. टीमने नाव घेतलं की त्या पोराचे हक्क त्या टीमचे. पहिल्या राउंडची पोरं सगळ्यांना माहीत असतात, टीव्हीवर सूट घालून दिसतात. मजा खरी तिसऱ्या राउंडपासून असते, जिथे कुणालाच खात्री नसते आणि बहुतेक पोरं एनएचएलचा बर्फ कधी बघतच नाहीत.

लीफ्सकडे यंदा पहिल्या राउंडचा पिकच नव्हता. २०२५चा शिकागोला गेलेला, त्यांच्याकडून मॅकेब हा खेळाडू आणला तेव्हा त्याच्या बदल्यात. २०२६चा मार्चमध्ये बॉस्टनला, कार्लोसाठी. २०२७चा फिलाडेल्फियाला, लॉटनसाठी. थोड्या अटी होत्या त्यात, पण तेव्हा गेलेच म्हणायचे. म्हणजे आमचं पहिलं नाव येणार ६४ला, दुसऱ्या राउंडच्या अगदी शेवटी, आणि मग ८६ला. आमचा सगळा वाद त्या ८६वर होता आणि तो वाद मला इथे नीट लिहून ठेवायचाय, कारण मला ही गोष्ट खरंच महत्त्वाची वाटते, ज्या घरात पहिल्या राउंडची पोरं येणारच नाहीत तिथे तिसऱ्या राउंडचा पोरगा म्हणजे घरचं बियाणं आहे, ते कसं पेरायचं हे ठरवायला नको का.

दादाचं म्हणणं सरळ होतं. उंच, जाडजूड, अंगावर जाणारा पोरगा घ्या. त्याला मे महिन्यातली ती मॅच अजून विसरता येत नाही, मलाही नाही येत, १८ मे, फ्लोरिडाविरुद्ध प्लेऑफ सिरीजची सातवी, शेवटची मॅच, आपल्या घरच्या बर्फावर ६-१ने हरलो, आणि त्याआधीची पाचवीसुद्धा घरीच आणि ६-१च. दादा म्हणतो, "अगं, त्या फ्लोरिडाच्या पोरांनी आपल्या पोरांना रिंकच्या भिंतीवर दाबून दाबून दमवलं, सात मॅचमध्ये शेवटी कोण उभं राहतं ते बघ. छोटी पोरं नोव्हेंबरात गोल करतात, मे महिन्यात दिसत नाहीत."

मी म्हटलं, दादा, त्याच फ्लोरिडाकडून तिसऱ्या मॅचला ओव्हरटाइममध्ये गोल कुणी मारला? ब्रॅड मार्शँडने. उंची किती, पाच फूट नऊ इंच. ड्राफ्ट कुठे झाला, २००६ला, तिसरा राउंड, ७१ नंबर. बॉस्टनने घेतला होता. आणि त्या माणसाने आपल्याला किती रडवलंय याचा हिशोब कर, २०१३, २०१८, २०१९, २०२४, चारही वेळा बॉस्टनने आपल्याला सातव्या मॅचला घरी पाठवलं आणि चारही वेळा तो त्यांच्या टीममध्ये होता. पाचव्यांदा टीम बदलून आला, निकाल तोच.

मग दुसरं उदाहरण, जे मला रात्री आठवलं की झोप लागत नाही. २०१४, तिसरा राउंड. लीफ्सने ६८ला एक डिफेन्समन घेतला, तो पुढे आपल्यासाठी मोजक्याच मॅचेस खेळला. अकरा नंबर नंतर, ७९ला, टॅम्पाने मूस जॉ या ज्युनिअर टीमचा एक बुटका सेंटर घेतला कारण सगळे म्हणत होते की स्केटिंग कमी पडतं आणि अंगाने लहान आहे. ब्रेडन पॉइंट. २०२०च्या प्लेऑफमध्ये १४ गोल, २०२१च्या प्लेऑफमध्ये पुन्हा १४ गोल, दोन स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची दोन विजेतेपदं. तो मे महिन्यात दिसला ना? जूनमध्येही दिसला, आणि करोनामुळे लांबलेल्या त्या वर्षी सप्टेंबरातही.

इथे दादाने जे उत्तर दिलं ते मला मान्य करावं लागलं आणि म्हणून मुद्दाम लिहिते. तो म्हणाला, "तू जिंकलेल्यांची नावं सांगतेस. बुडालेल्यांची कोण सांगणार? ब्रॅको आठवतो का?" आठवतो. २०१५, ६१ नंबर, जेरेमी ब्रॅको, लहान चणीचा, हातात जादू, टोरोंटोच्या खालच्या लीगमधल्या फार्म टीमकडून एका सीझनला ७९ पॉइंट (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) केले त्याने, आणि एनएचएलची एकही मॅच खेळायला मिळाली नाही. एकही नाही. आणि तो पिक आपल्याला कसा मिळाला होता तेही दादाने काढलं, आपण २४ नंबर फिलाडेल्फियाला देऊन २९ आणि ६१ घेतले, मग २९ कोलंबसला देऊन ३४ आणि ६८, एकाचे तीन केले, आणि फिलाडेल्फियाने त्या २४वर ट्रॅव्हिस कोनेक्नी उचलला. ती जखम दहा वर्षं झाली तरी भरलेली नाही आमच्या घरात.

पण मी दादाला जे सांगितलं तेच माझं सगळं म्हणणं आहे. ब्रॅको बुडाला तेव्हा काय गेलं? एक पिक. उंच पोरगा बुडाला असता तरी तोच एक पिक गेला असता. फरक जिंकल्यावर पडतो. उंच, मेहनती, सुरक्षित पोरगा जमला तर काय मिळतं, चौथ्या लाइनचा, म्हणजे सगळ्यात कमी वेळ बर्फावर उतरणारा खेळाडू. तसा माणूस दर जुलैत बाजारात मिळतो, लीगचा किमान पगार २०२५-२६ला ७ लाख ७५ हजार डॉलर होता, तेवढ्यात किंवा थोड्या जास्तीत येतो. ब्रेडन पॉइंट कुठल्या बाजारात मिळतो सांग? २०२५-२६च्या ९ कोटी ५५ लाख डॉलरच्या कॅपमध्ये, म्हणजे टीमच्या एकूण पगाराच्या मर्यादेत, मोठी नावं बसवून झाल्यावर जी टीम कोपऱ्यात पैसे शोधत फिरते तिला पहिली तीन वर्षं दहा लाखांच्या आत मूळ पगारावर खेळणारा गोल करणारा पोरगा मिळाला तर त्याची किंमत काय, हे नाइजने दाखवलंच की. मॅथ्यू नाइज, २०२१, ५७ नंबर. गेल्या सीझनला २९ गोल. हां, तो उंचही आहे आणि जाडजूडही आहे, दादाने लगेच ते काढलं, पण त्याला घेतलं ते त्याच्या हातांमुळे, नुसत्या उंचीमुळे नाही.

काका इतका वेळ गप्प मिसळ खात होते. त्यांचं मत आमच्या दोघांपेक्षा वेगळं आहे आणि त्यांच्या मतामागे चाळीस वर्षं आहेत. ते म्हणाले, "तुम्ही दोघं पोरगा कुठला घ्यायचा त्यावर भांडताय. मी म्हणतो घेऊच नका. विकून टाका आणि उद्या खेळेल असा माणूस आणा. १९६७ नंतर कप नाही. मी एकोणचाळीस वर्षांचा होतो तेव्हा गिलमोरची टीम बघितली, त्यानंतर तसं काही बघितलं नाही, आणि ८६ नंबरचा पोरगा तयार होईपर्यंत मी किती वर्षांचा होईन मोज."

याला काय उत्तर द्यायचं. मी खरंच थोडा वेळ बोललेच नाही.

मग मी हळूच म्हटलं, काका, तुमचा डग गिलमोर स्वतः १३४वा होता. १९८२, सेंट लुईस, सातवा राउंड, अंगाने लहान म्हणून त्याच्या आधीच्या वर्षी तर कुणी घेतलाच नव्हता. १९९२-९३ला त्याने १२७ पॉइंट केले आणि तुम्हाला सेमीफायनलच्या सातव्या मॅचपर्यंत नेलं ना.

काका म्हणाले, "बरोबर. पण घडवला सेंट लुईसने. मग कॅल्गरीला कप जिंकून दिला. आपण आणला तो तयार झालेला. तेच तर मी म्हणतोय."

काकांचा मुद्दा मला मोडता आला नाही, तिथल्या तिथे तरी. घरी नंतर भांडी घासताना सुचलं. गिलमोर आणला ती देवाणघेवाण दहा खेळाडूंची होती, तो २८ वर्षांचा होता आणि पुढची पाच वर्षं इथे राहिला. आजकाल मधल्या राउंडचे पिक ज्यासाठी जातात ते वेगळं आहे. २०२१ आठवा. फोलिनोला आणायला पहिल्या राउंडचा पिक दिला आणि चौथ्या राउंडचे दोन. दुखापत झाली, रेग्युलर सीझनमध्ये आपल्यासाठी ७ मॅच खेळला, मॉन्ट्रियलविरुद्ध प्लेऑफ सिरीजमध्ये ३-१ पुढे असताना आपण हरलो आणि उन्हाळ्यात तो बॉस्टनला गेला. त्या वर्षी लीफ्सकडे अख्ख्या ड्राफ्टमध्ये फक्त ३ पिक उरले होते. त्या तीनमधला एक नाइज निघाला हे नशीब. मी काकांना फोन करून हे सांगितलं, ते म्हणाले फोलिनोला दोष देऊ नकोस, माणूस चांगला होता. खरंय, दोष त्याला नाहीच देत मी. ज्याने दोन महिन्यांसाठी भाड्याने घेतला त्या हिशोबाला देते.

लेकीचं मत लहान होतं, तिने गोली म्हटलं. "आई, हेलबक १३०वा होता, टेक्सासच्या ओडेसामधून, आणि यंदा सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी त्याला मिळाली. शेस्टर्किन ११८. लुंडक्विस्ट २०५. गोली कुणालाच ओळखता येत नाहीत, म्हणून ते खाली मिळतात." आणि आपला गोली जोसेफ वोल तिसऱ्या राउंडचाच, २०१६, ६२ नंबर, पहिली एनएचएल मॅच खेळायला त्याला पाच वर्षं लागली. माझं यावर एवढंच म्हणणं की गोलीसाठी थांबायची तयारी हवी, आणि कॉलेजला जाणारा पोरगा घेतला तर तेव्हाच्या नियमाने टीमला चार वर्षं वाट बघता येत होती, ओन्टारियोच्या ज्युनिअर लीगमधला घेतला तर दोन वर्षांत कॉन्ट्रॅक्ट द्यावं लागायचं नाहीतर सोडावं लागायचं. त्यामुळे पोरगा कुठून येतो हेही पिकचाच भाग आहे, ते स्काउट लोक सोडून फारसं कुणी बोलत नाही.

दादाने मधेच जुझार खैराची आठवण काढली. सरे, ब्रिटिश कोलंबियाचा पंजाबी पोरगा, २०१२, तिसरा राउंड, ६३ नंबर, एडमंटन. उंच, जाडजूड, दादाला हवा तसा. तीनशेच्या वर मॅचेस खेळला. दादा अजून मॅचेस पंजाबी कॉमेंट्रीत बघतो, त्याला शब्द सगळे कळत नाहीत पण तो म्हणतो की गोल झाल्यावर आवाज आपल्या घरचा वाटतो. आपल्यासारख्या दिसणाऱ्या पोराचं नाव तिसऱ्या राउंडमध्ये घेतलं जातं तेव्हा ते ऐकायला किती बरं वाटतं हे मी शब्दांत सांगू शकत नाही. मराठी आडनावाचा पोरगा किंवा पोरगी अशा ठिकाणी कधी ऐकायला मिळेल म्हणून मी त्या खालच्या राउंडची नावंसुद्धा लक्ष देऊन ऐकते.

६४ला लीफ्सने टिनस लुक कोबलार घेतला, नॉर्वेचा, उंच सेंटर. दादा उठून उभा राहिला. मग एकवीस नावं. माझ्या मनातला पोरगा तेव्हाही बाकी होता, त्याचं नाव इथे लिहीत नाही, लहान आहे तो. ८६ला नाव आलं टायलर हॉपकिन्स, किंग्स्टन फ्रॉन्टनॅक्सचा सेंटर, दोन्ही बाजूंनी जबाबदारीने खेळणारा. वाईट पिक मुळीच नाही. पोरगा इथल्याच ओन्टारियोचा, त्याच्या आईबापांच्या घरी त्या क्षणी काय झालं असेल ते आठवून मला भरून आलं. पण मी असते तर तो पिक मी दुसरीकडे टाकला असता, ज्याच्याकडे रांगेतल्या कुणाकडेच नाही अशी एक गोष्ट आहे त्याच्याकडे, मग त्याचं बाकी सगळं कच्चं का असेना.

लेकीची एक वही आहे. दरवर्षी लीफ्सच्या तिसऱ्या राउंडच्या पिकसमोर आम्ही प्रत्येकाने कुणाला घेतलं असतं ते तिच्यात लिहितो. यंदाच्या पानावर दादाचा उंच विंगर आहे, लेकीचा गोली आहे, माझा बुटका आहे. काकांनी वही हातात घेऊन बराच वेळ बघितली. त्यांची जागा दरवर्षी रिकामी असते, ते विकतात ना. यंदा त्यांनी लेकीकडून पेन मागून घेतलं आणि तिच्या गोलीच्या नावाखाली स्वतःची सही केली.

हिवाळ्यात एखाद्या शुक्रवारी किंग्स्टनला जायचं ठरलंय, चौघांनी, एका गाडीतून. अडीच-तीन तासांचा रस्ता आहे. काका म्हणाले ते थालीपीठं आणतील.