एका जागी चाळीस मिनिटं

टेकडीवर रोज जाणारी माणसं पुष्कळ, टेकडी बघणारी थोडी. पुण्याच्या वेताळ टेकडीवर सकाळी चालणाऱ्यांची रीघ लागलेली असते, आणि त्याच वाटेच्या कडेला बाभळीच्या फांदीवर एक नाचण पक्षी शेपटी उघडत-मिटत, अंग घुसळत किडे उठवत असतो. चालणं उत्तमच. दमसास वाढतो, साखर आटोक्यात राहते. पण मन खरोखर हलकं व्हावं, आपल्या काळजीहून मोठं काही डोळ्यांपुढे यावं असं वाटत असेल, तर थांबावं लागतं. तेही एकाच जागी, चाळीस मिनिटं बसून, आणि पुन्हा पुन्हा.

जागा घरापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत हवी. कास, ताम्हिणी, आंबोली सुंदर आहेत, पण तिथे वर्षातून एकदा जाणं होतं. कुठला आवाज रोजचा आणि कुठला आजच नवा, हे एकदा आलेल्या माणसाला कळत नाही. टेकडीचा उतार, कालव्याची कड, शेताचा बांध, सोसायटीच्या मागचं जुनं पिंपळाचं झाड, काहीही चालेल. झाडी संपून मोकळं रान सुरू होतं किंवा पाण्याला झुडपं भिडतात, तिथे दोन्हीकडचे जीव येतात, म्हणून अशी कड शोधा. पुण्याच्या टेकड्यांवरची गिरिपुष्पाची लागवड दाट आणि हिरवीगार दिसते, पण ती एकसुरी आहे. बोर, बाभूळ, हिवर, सालई असलेलं विरळ रान जवळ असेल तर तिथे जा. बसताना पाठीला टेकू हवा, खोडाचा किंवा दगडाचा. टेकू नसला की माणूस दर तीन-चार मिनिटांनी चुळबुळ करतो, आणि जवळ येऊ पाहणारा प्रत्येक पक्षी तिथूनच परत फिरतो.

बसण्याआधी वर बघा: वाळकी फांदी नाही ना, आग्या मोहोळ नाही ना. मोहोळ दिसलं तर जागा बदला. अत्तर किंवा सेंट लावून जाऊ नका. माश्या अंगावर आल्याच तर तोंड झाकून सरळ लांब पळायचं, हात झटकायचे नाहीत, कारण चिरडलेल्या माशीच्या वासानं बाकीच्या आणखी चवताळतात. मग खाली बघा: मुंग्यांची रांग, काटे, वारूळ. दगड उचलू नका आणि दगडाखाली हात घालू नका. कोरड्या टेकड्यांवर फुरसं नेमकं तिथेच असतं. पावसाळ्यानंतर वेलींवर तपकिरी लवेच्या शेंगा लोंबताना दिसल्या तर ती खाजकुइली. वाऱ्यानं तिची कुसं अंगावर आली तरी खाज सोसवत नाही.

सामान थोडं. पोत्याचा किंवा जुन्या सतरंजीचा तुकडा, अर्धा लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा मळकट रंगाचा सदरा, पेन्सिल आणि छोटी वही. फोन बंद करून पिशवीत ठेवा. तो फक्त अडचणीसाठी.

पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच दिसत नाही, आणि बहुतेक लोक नेमके याच वेळात उठून जातात. कारण साधं आहे. तुम्ही चालत आलात तेव्हा जमिनीवर टिपणारे पक्षी उडाले, ते उडालेले पाहून शेजारचे गप्प झाले, खारीनं शेपटी उडवत एकसारखी चिक्-चिक् लावली. हा गोंधळ निवायला वेळ लागतो. तेवढ्यात डोळे एका बिंदूवर रोखू नका. दोन्ही हात समोर लांब करा, अंगठे वर धरा, नजर समोरच ठेवून हात हळूहळू दोन बाजूंना न्या, दोन्ही अंगठे डोळ्यांच्या कोपऱ्यातून जेमतेम दिसत राहतील इथपर्यंत. मग हात खाली घ्या, नजर तशीच रुंद ठेवा. अशा नजरेला हालचाल आधी कळते. पान हललं, पण वारा नाही? तिथे कुणीतरी आहे.

नंतर कानांकडे या. वहीच्या पानाच्या मधोमध फुली मारा. ती तुमची जागा. ज्या दिशेनं आवाज येईल त्या बाजूला, जितका लांबून येईल तितका लांब, एक खूण करा. नाव माहीत नसलं तरी चालेल. ‘टुक्-टुक्, एका लयीत, मागे उजवीकडे’ एवढं पुरे. (तो बहुधा तांबट पक्षी असेल, उन्हाळ्यात वडा-पिंपळावर त्याचा ठोका तासन्‌तास चालतो.) रहदारीचा आवाजही मांडा. त्याच्याशी भांडत बसलात तर तोच ऐकू येत राहील. दहा मिनिटांत पान भरतं, आणि मघाशी शांत वाटणारी जागा किती बोलते ते कागदावरच दिसतं.

उरलेला वेळ जवळ बघण्यासाठी. समोरची हातभर जमीन निवडा आणि तिच्यातून नजर काढू नका. मृग लागून पहिला पाऊस पडून गेला असेल तर लाल मखमलीचा मृगाचा किडा दिसेल. आठ पायांचा, म्हणजे कोळ्याच्या गोतावळ्यातला. बोट लागलं की पाय आखडून घेतो. त्याला हात लावायची गरज नाही. तुम्ही स्थिर राहिलात की तो पुन्हा चालायला लागतो.

जवळ उंबराचं झाड असेल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. उंबर फोडून केंबरं काढू नयेत म्हणतात, पण इथे तेच करायचं आहे. खाली पडलेलं ताजं उंबर घ्या, सालीवर टाचणीच्या टोकाएवढं भोक आहे का बघा, मग नखानं दोन भाग करा. आत जे दाटीनं भरलेलं आहे ती फुलं आहेत. उंबर बाहेरून फुलत नाही, आत फुलतो. जेमतेम दोन मिलिमीटरची एक गांधीलमाशी फळाच्या टोकाच्या छिद्रातून आत शिरते. वाट इतकी चिंचोळी की तिचे पंख तुटून जातात. आत ती दुसऱ्या झाडावरून आणलेले परागकण पसरते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिलांतले नर बिनपंखी. ते आधी बाहेर येतात, माद्यांशी मीलन करतात, फळाच्या भिंतीत बोगदा पोखरतात आणि संपतात. तुम्ही पाहिलेलं भोक तेच. माद्या पराग घेऊन त्यातून उडतात. एक-दोन दिवसांच्या आयुष्यात त्यांना कोवळी फळं धरलेलं दुसरं उंबर गाठायचं असतं. ही माशी नसेल तर उंबराचं बी धरणार नाही, आणि उंबर नसेल तर धनेश-हरियालासारखे पक्षी आणि वटवाघळं यांच्या पोटाचं काय? हे वाचून कळतं, पण फोडलेलं फळ हातात धरून पाच मिनिटं बसलं की छातीत काहीतरी हलतं. असं विस्मयानं हलणं हीच या बसण्याची खरी कमाई आहे, असं माझं मत आहे.

याला संशोधनाचा आधारही आहे, तो जेवढा आहे तेवढाच सांगावा. संशोधक रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. 2019 मध्ये इंग्लंडमधल्या जवळपास 20,000 लोकांच्या माहितीवरून दिसलं की आठवड्याला एकूण निदान 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांना आपली तब्येत आणि समाधान अधिक चांगलं वाटतं. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. ठणठणीत माणूसच जास्त बाहेर पडत असेल हेही शक्य आहे. मला जास्त मोलाचा वाटतो तो 2020 सालचा कॅलिफोर्नियातला प्रयोग. ज्येष्ठ नागरिकांनी आठ आठवडे, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं चालायचं होतं. एका गटाला वाटेत विस्मय वाटेल असं काही शोधायला सांगितलं होतं. त्या गटानं काढलेल्या स्वतःच्या फोटोंत हळूहळू त्यांचा चेहरा चौकटीत लहान होत गेला, मागचं दृश्य मोठं होत गेलं आणि हसू रुंदावलं. चाळीस मिनिटांच्या तीन बैठका केल्या की आठवड्याचे 120 होतात. तेवढं झालं तर छानच, पण आकडा पाळण्यासाठी कुढू नका. आणि नैराश्याची औषधं चालू असतील तर बसल्यावर बरं वाटतं म्हणून ती परस्पर बंद करू नका.

बिघडतं कुठे? सर्वांत जास्त बिघडतं फोनमुळे. आवाज ऐकला की अ‍ॅपला विचारायचं, नाव आलं की समाधान, पुढचा आवाज. नाव कळल्यावर ऐकणं थांबतं. आधी वहीत प्रश्न लिहा आणि आठवडाभर तो सोडवू नका. सातभाई पक्षी एकमेकांची पिसं का विंचरतात हे सात दिवस बघितलं तर पुस्तकाआधी निम्मं उत्तर तुम्हीच काढाल. दुसरी गोष्ट, डोळे मिटून ध्यान लावणं. ध्यान चांगलं, पण ते घरी होतं. इथे डोळे उघडे हवेत. तिसरी, सोबत. दोघं असाल तर एकमेकांपासून वीस-तीस पावलांवर, पाठमोरे बसा आणि गप्पा नंतर चहाला. पायाला मुंग्या आल्या तर खुशाल पाय लांब करा, फक्त हळू. मन घरच्या हिशेबात गेलं तर त्याला दटावू नका. कानाला सर्वांत लांबचा आवाज शोधायला लावा, मन मागोमाग येतं.

वेळ सकाळी सूर्योदयानंतर पहिल्या दोन तासांतली. चैत्र-वैशाखात नऊनंतर बसू नका, ऊन बाधतं. जुन्नर-आंबेगावकडे, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला किंवा बिबट्याचा वावर असलेल्या कुठल्याही गावात पूर्ण उजाडल्याशिवाय आणि अंधार पडताना एकट्यानं खाली बसू नये. बसलेला माणूस उंचीनं लहान दिसतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात आणि गोव्यात सत्तरीत हिवाळ्यापासून पावसाळा लागेपर्यंत पाचोळ्यावर टेकू नका. तिथे गोचिडींतून माकडताप होतो. पायमोज्यांत विजार खोचा, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, अंग नीट तपासा, आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. देवराईत बसायचं असेल तर आधी गावात विचारा, चपला बाहेर काढा आणि वाळकी काडीसुद्धा उचलू नका.

पावसात बसणं सोडू नका. छत्रीवरच्या थेंबांच्या आवाजात पक्षी ऐकू येत नाहीत, म्हणून डोक्यावर टोपी आणि अंगावर रेनकोट बरा. विजा चमकत असतील तर मात्र एकट्या झाडाखाली अजिबात नाही, सरळ घरी.

जागा बदलायची घाई करू नका. किमान एक पावसाळा, एक हिवाळा, एक उन्हाळा तिथेच काढा. पळस कधी पेटला, पावशा पक्षी पहिल्यांदा कधी ओरडला, धोबी पक्षी सप्टेंबरअखेर आला की ऑक्टोबरात, हे तारखेनिशी लिहा. पुढच्या वर्षी त्याच पानावर दुसऱ्या रंगाच्या शाईनं नवी तारीख लिहिली की दोन वर्षांमधला फरक समोरासमोर येतो.